वाढदिवसाचे पाहुणे



दोन आठवड्यांपूर्वी सकाळची मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या पायऱ्यांवर उभे होतो. आपल्या धर्मग्रामातील एक तरुण जोडपे थोडे बाजूला थांबले होते. गर्दी कमी झाल्यावर ते जवळ आले. त्यांच्या मुलीला जानेवारीत पाच वर्षे पूर्ण होतात. बाई म्हणाल्या, "फादर, एक विचारायचं होतं. वाढदिवस हॉलमध्ये करावा की मुलांना कुठे झाडांत न्यावं? माहीमचं निसर्ग उद्यान आहे ना, तिथे न्यायचं मनात आहे."

आम्हाला हसू आले. लग्नाच्या तारखेसाठी, घराच्या आशीर्वादासाठी, शाळेच्या दाखल्यासाठी लोक आमच्याकडे येतात. वाढदिवसाची जागा ठरवायला आजवर कोणी आले नव्हते. पण बोलता बोलता खरी गोष्ट बाहेर आली आणि आमचे हसू थांबले.

त्यांच्या मुलीची एक जिवलग मैत्रीण आहे. त्याच इमारतीत धुणीभांडी करणाऱ्या एका ताईंची ती मुलगी. दोघी एकाच बालवाडीत होत्या. मागच्या वर्षी तिलाही बोलावले होते, पण ती आली नाही. ताप आला आहे, असा निरोप आला. आठवड्याने ती छोटी जिन्यात भेटली आणि आपणहून म्हणाली, "मला ताप नव्हता. आई म्हणाली, आपल्याकडे द्यायला काही नाही, मग कसं जायचं?"

चार वर्षांच्या मुलीने हे सांगितले. ऐकणाऱ्यांची मान खाली गेली. ह्या वर्षी "कोणाकोणाला बोलवायचं?" असे विचारल्यावर त्यांच्या मुलीने पहिले नाव त्याच मैत्रिणीचे घेतले. म्हणून ह्या दोघांना वाटले की हॉल नको. हॉल म्हटला की यादी आली, पाकिटे आली, रिटर्न गिफ्ट आले. झाडांखाली कदाचित हे सारे मागे राहील आणि ती मुलगी येईल.

आम्ही त्यांना लगेच उत्तर दिले नाही. विचार करून सांगतो म्हणालो. तो विचार आज आपणा सर्वांसमोर मांडत आहोत, कारण हा प्रश्न एका घरापुरता नाही.

आपल्या बदलापुरात आज लहान मुलाचा वाढदिवस कसा होतो, हे आपण सारे जाणतो. हॉल ठरतो, ताटाचा दर ठरतो, फुग्यांची कमान येते, मुलाच्या आवडत्या कार्टूनचा केक येतो. पाहुणे येतात, पाकीट किंवा खोका देतात, फोटो काढतात, जेवतात. निघताना दाराशी प्रत्येक मुलाच्या हातात एक पिशवी ठेवली जाते. ते रिटर्न गिफ्ट. रात्री घरी आल्यावर पाकिटे उघडली जातात आणि कोणी किती दिले ते वहीत लिहिले जाते. त्यांच्याकडे जाताना तेवढेच न्यायचे असते.

ह्या वहीची आम्ही थट्टा करणार नाही. आपल्यापैकी बरेच जण गाव सोडून इथे आले आहेत. कोणी नगरकडून, कोणी वसईहून, कोणी केरळ-मंगळूरहून. पहाटेची लोकल धरायची आणि रात्री परतायचे, ह्यात शेजाऱ्याचा चेहरा दिसतो तो अशाच प्रसंगी. मार्सेल मॉस ह्या फ्रेंच विद्वानाने १९२५ साली देणगीवर एक मोठा निबंध प्रसिद्ध केला. निरनिराळ्या समाजांचा अभ्यास करून त्याने दाखवले की देणे, स्वीकारणे आणि परत देणे ह्या तीन बंधनांनी माणसे एकमेकांशी बांधली जातात. आपल्या आहेराचे तेच आहे. आज तुम्ही आमच्याकडे या, उद्या आम्ही तुमच्याकडे येऊ. ह्यात पाप नाही. ह्याच धाग्याने वस्तीचा समाज होतो.

अडचण दुसरीकडे आहे. वहीत ज्याचे नाव येऊ शकत नाही, त्याचे काय? जो परत देऊ शकत नाही, तो ह्या धाग्याबाहेर राहतो. त्याला कोणी बाहेर काढलेले नसते. यजमान मनापासून बोलावतात. पण तो स्वतःच ताप आल्याचे सांगून घरी बसतो, आणि आपल्याला वाटते की त्याला खरेच ताप आला असेल.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना संत थॉमस अक्वायनस ह्यांचे कृतज्ञतेवरचे विवेचन आम्ही वाचले होते. तेव्हा परीक्षेपुरते वाचले. त्याचा अर्थ आता कळतो आहे. मिळालेल्या उपकाराची फेड ताबडतोब करावी का, असा प्रश्न ते घेतात आणि नाही असे उत्तर देतात. त्यासाठी ते सेनेका ह्या रोमन विचारवंताचा आधार घेतात. सेनेकाचे म्हणणे असे की फेडायची फार घाई करणारा माणूस कृतज्ञ नसतो, तो ऋणको असतो. त्याला उपकाराचे ओझे वाटते आणि ते कधी एकदा खाली ठेवीन असे त्याला होते.

आता आपली ती दाराशी दिलेली पिशवी आठवा. मुलाने भेट आणली, दोन तासांनी आपण त्याच्या हातात दुसरी भेट ठेवली. हिशेब चुकता झाला. मुलांना पिशवी मिळाल्याचा आनंद होतो हे खरे. पण त्याबरोबर ती एक गोष्ट शिकतात, की घेतलेले लगेच फेडायचे असते आणि फेडता येत नसेल तर घ्यायला जायचे नसते. त्या छोटीने जिन्यात सांगितले ते हेच. तिला हे कोणी शिकवायला बसले नव्हते.

वाढदिवशी आपण साजरे तरी काय करतो? एक मूल जन्माला आले, हे. त्या मुलाने जन्मासाठी काही केले नव्हते. आईवडिलांनीही ते मूल कुठून विकत आणले नव्हते. फेड होऊ शकत नाही असे सर्वांत मोठे दान कोणते, असे कोणी विचारले तर श्रद्धाळू आणि अश्रद्ध दोघांनाही जन्माकडे बोट दाखवावे लागेल. आणि नेमक्या त्याच दिवशी आपण फेडीची वही उघडून बसतो. आम्हाला टोचते ती ही विसंगती.

ख्रिस्तसभेला वाढदिवसांचे फारसे वेड नव्हते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. संतांचे सण आपण बहुतेक त्यांच्या मृत्यूच्या दिवशी साजरे करतो; तो त्यांचा स्वर्गातील जन्मदिवस मानला जातो. पृथ्वीवरील जन्माचे सण उपासनेत तीनच आहेत. प्रभू येशूचा २५ डिसेंबरला, पवित्र मरियेचा ८ सप्टेंबरला आणि योहान बाप्तिस्ताचा २४ जूनला. पवित्र शास्त्रात वाढदिवसाच्या दोन मेजवान्या आहेत. एक फारोची, दुसरी हेरोदाची. पहिलीत राजाच्या आचाऱ्याला फाशी झाली, दुसरीत योहानाचे शिर ताटात आले.

हेरोदाची गोष्ट नीट पाहा. योहानाला मारावे असे त्याच्या मनात नव्हते. मागणी ऐकून त्याला वाईटच वाटले. पण त्याने भरसभेत शब्द दिला होता आणि समोर पाहुणे बसले होते. चार लोकांत आपली शोभा होऊ नये म्हणून त्याने ती आज्ञा दिली. आपल्या हॉलमध्ये असे भयंकर काही घडत नाही, देवाची कृपा. पण "लोक काय म्हणतील" हा पाहुणा आपल्याही यादीत पहिला असतो. कर्ज काढून केक कापणारे बाप आम्ही पाहिले आहेत.

मग मुलांना झाडांत नेले की हे सुटते का?

त्या जोडप्याला आम्ही स्पष्ट सांगितले की आपोआप सुटत नाही. निसर्ग हीसुद्धा एक नवी टूम होऊ शकते. मागच्या वर्षी जंगलातल्या प्राण्यांचा देखावा हॉलमध्ये उभारला, ह्या वर्षी हॉलच जंगलात नेला, इतकाच फरक पडेल. तिथेही फुगे फुटतील, थर्मोकोलच्या ताटल्या पडतील आणि फोटोत झाडे मागे पडद्यासारखी उभी राहतील. शिवाय बस केली तर ती हॉलइतकीच महाग पडते, आणि ज्या मुलीसाठी हा खटाटोप चालला आहे तिच्या आईला नवीच चिंता लागते: एवढ्या लांब जायचे, तर अंगात काय घालायचे आणि हातात काय न्यायचे?

तरीही आमचे मत त्यांच्या बेताच्या बाजूने पडले. त्याचे कारण त्या उद्यानाच्या गोष्टीत आहे.

महाराष्ट्र निसर्ग उद्यान शीव-वांद्रे जोडरस्त्यावर, धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी आहे. साधारण ३७ एकरांची ती जागा. १९७० च्या दशकापर्यंत तिथे मुंबईचा कचरा टाकला जात असे. पुढे कचरा थांबला, त्यावर माती पसरली गेली आणि १९८० च्या दशकात झाडे लावायला सुरुवात झाली. सुरुवातीच्या त्या झाडांत पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली ह्यांच्या हातचे झाड होते. त्यांचा जन्म १८९६ चा; म्हणजे तेव्हा त्यांनी वयाची पंच्याऐंशी ओलांडली होती. १९८७ साली ते वारले. उद्यान लोकांसाठी खुले झाले ते १९९४ साली, २२ एप्रिलला, वसुंधरा दिनी. आज तिथे पक्षी आहेत, फुलपाखरे आहेत, आणि ज्या जागेवरून लोक नाक दाबून जात तिथे शाळेची मुले रांगेने फिरतात.

पंच्याऐंशी ओलांडलेला माणूस कचऱ्याच्या ढिगावर रोप लावतो, तेव्हा कोणाची परतफेड अपेक्षित असते? त्या सावलीत बसणाऱ्या मुलांना तो ओळखत नाही आणि ती मुले त्याला काही परत देऊ शकत नाहीत. फार तर पुढे कधी तीही एखादे झाड लावतील, त्यांना न दिसणाऱ्या कोणासाठी. फेड मागे जात नाही, पुढे जाते. आईबापांचे ऋणही असेच आहे. ते त्यांना फेडता येत नाही, आपल्या मुलांना द्यावे लागते.

म्हणून अशा ठिकाणी वाढदिवस करण्यात एक गुण आहे. हॉलमध्ये आपण यजमान असतो. भाडे आपण भरलेले असते आणि बाकीचे आपले पाहुणे. झाडाखाली आपणही पाहुणेच. ते झाड आपण लावलेले नाही, फुलपाखराला आपण बोलावलेले नाही. केक आणणारा आणि रिकाम्या हाताने आलेला, दोघेही तिथे सारखेच फुकटे! ज्या दिवशी आपण जन्माचे दान आठवतो, त्या दिवसाला ही जागा शोभते.

लूककृत शुभवर्तमानात प्रभू येशू एका जेवणाच्या प्रसंगी यजमानाला पाहुण्यांच्या यादीविषयीच बोलतात. श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नकोस, ते उलट तुला बोलावतील आणि फिटंफाट होईल. ज्यांच्याजवळ फेडायला काही नाही त्यांना बोलाव, असा त्यांच्या सांगण्याचा रोख आहे. हे फार कठीण आहे असे आपल्याला वाटते. पण आपल्या गावाने ते केलेले आहे. २०१९ च्या जुलैमध्ये उल्हास नदीला पूर आला आणि महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली. हजाराहून अधिक प्रवासी रात्रभर गाडीत होते. २७ जुलैला त्यांची सुटका झाली. बचाव पथके आली, नौदल आले, पण त्याबरोबर आसपासचे गावकरीही पाण्यात उतरले होते. सुटलेल्या प्रवाशांची सोय बदलापुरातील एका मंगल कार्यालयात करण्यात आली. ज्या कार्यालयात एरवी ताटे मोजली जातात, तिथे त्या दिवशी पाहुण्यांची यादी नव्हती. ते प्रवासी आपल्या वाटेने निघून गेले, आणि त्यांच्यावरचे ते ऋण कोणी कुठल्या वहीत मांडले नाही.

आता त्या ताईंविषयी. जोडप्याच्या मनात एक तोडगा होता. ताईंना "मुलांकडे लक्ष द्यायला" बरोबर न्यायचे आणि त्या दिवसाचे पैसे द्यायचे, म्हणजे मुलगी आपोआप येईल. हेतू चांगला होता, पण आम्ही नको म्हणालो. तसे केले तर मुलगी कामावर आलेल्या बाईंची लेक म्हणून येईल, मैत्रीण म्हणून नाही. पाच वर्षांच्या मुलीला हा फरक कळतो. ताईंना बोलवायचे तर पाहुणी म्हणून बोलवा. दोन्ही आया सोबतीने चालतील. त्या मुरबाडकडच्या आहेत असे कळले. एखाद्या पानाचे, फळाचे नाव इतरांपेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक असेल, आणि आपल्या मनाने त्यांनी मुलांना ते सांगितले तर ती भेट कुठल्याही खोक्याहून मोठी. पण तीही त्यांच्याकडून वसूल करायची नाही. संत थॉमस म्हणतात त्याप्रमाणे कृतज्ञता मुळात मनाची असते. जवळ काही नसलेला माणूसही पूर्ण कृतज्ञ असू शकतो. त्याला फक्त येऊ द्यावे लागते.

आपल्यापैकी कोणाच्या मनात असा बेत असेल तर काही व्यवहाराच्या गोष्टीही सांगतो, कारण चांगला विचार ढिसाळ नियोजनात बुडतो.

मुले थोडी न्यावीत, सात-आठ पुरेत. पाच वर्षांच्या मुलाला चाळीस पाहुणे नको असतात, ते मोठ्यांना हवे असतात. प्रत्येक दोन-तीन मुलांमागे एक मोठे माणूस असावे. रविवार टाळावा. आमचा स्वार्थ मिस्सेचा आहेच, पण मध्य रेल्वेचा मेगाब्लॉकही रविवारीच असतो. शनिवार बरा. शीवला जलद लोकल थांबत नाही; कुर्ल्याला उतरून धीमी गाडी धरावी. रेल्वेत पाच वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे लागते, म्हणजे बसपेक्षा हे कितीतरी स्वस्त. सगळ्यांची तिकिटे एकानेच काढावीत. तिथे खाणे नेता येते का, केक कापता येतो का, एवढ्या मुलांना आधी कळवावे लागते का, हे फोन करून विचारून घ्यावे. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे असतात. केक घरीच कापला तरी काही बिघडत नाही. फुगे नकोत. डबे घरचे न्यावेत आणि कचरा परत आणावा. ती जागा एकदा कचऱ्यातून वर आली आहे, तिला पुन्हा तिकडे ढकलू नये.

लांब जाणे जमत नसेल तर न जाणेही चालेल. बदलापूरच्या जांभळाचे नाव आज सर्वदूर झाले आहे, त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण आपल्या किती मुलांनी जांभळाचे झाड जवळून पाहिले आहे? मे-जूनमध्ये ज्यांचे वाढदिवस येतात त्यांनी ओळखीच्या कोणाच्या वाडीत, परवानगी घेऊन, एक सकाळ काढावी. मात्र पावसाळ्यात लहान मुलांना कोंडेश्वरच्या कुंडावर किंवा बारवीच्या पाण्याकडे नेण्याचा विचारही करू नये. तिथे बुडालेल्या तरुणांच्या बातम्या आपण दर वर्षी ऐकतो, आणि पावसाळ्यात प्रशासन तिथे बंदी घालते ती उगीच नाही.

राहिली भेटीची गोष्ट. "भेट आणू नये" असे छापून भागत नाही. तरीही लोक आणतात आणि न आणणारा ओशाळतो. त्यापेक्षा प्रत्येक मुलाने वाटेत पडलेले एक पान किंवा एक बी उचलून वाढदिवसाच्या मुलीला द्यावी, असे आधीच ठरवावे. उद्यानात तेही चालते का, ते विचारून घ्यावे. नाही तर एक चित्र काढून द्यावे. सगळ्यांची भेट सारखी झाली की कोणाला लपावे लागत नाही. आणि दाराशी पिशवी देऊ नये. मुलांना रिकाम्या हातांनी घरी जाऊ द्यावे. आपल्याला काही मिळाले आणि ते फेडायचे राहिले आहे, ही भावना थोडे दिवस मनात राहिली तर बरेच आहे. तिलाच कृतज्ञता म्हणतात.

शेवटी एक कबुली. हे लिहिताना आम्हाला आमचाच मागचा वाढदिवस आठवला. आपण प्रेमाने पाकिटे दिली होती. कोण आले आणि कोण आले नाही हे आम्हाला अजून आठवते, आणि खरे सांगायचे तर कोणते पाकीट जाड होते तेही आठवते. वही आम्हीही ठेवतो, फक्त कागदावर लिहीत नाही. न आलेल्यांपैकी कोणी "आपल्याकडे द्यायला काही नाही" म्हणून घरी राहिले असेल का, हा विचार मात्र तेव्हा मनात आला नव्हता. ह्या वर्षी कृपा करून आमच्यासाठी पाकीट आणू नये. यावे, चहा घ्यावा, बसावे.

त्या जोडप्याने गेल्या आठवड्यात ताईंच्या घरी जाऊन आमंत्रण दिले. जिन्यात उभ्याने नव्हे, घरी बसून. ताईंनी चहा केला. येणार का, असे विचारल्यावर त्या "बघते" म्हणाल्या. त्या येतील की नाही, हे आम्हाला माहीत नाही. इतक्या दिवसांचा संकोच एका चहाने जात नसतो. पण निघताना त्यांच्या मुलीने विचारले म्हणे, "तिथे माकडं असतात का?"

आपल्या घरी पुढचा वाढदिवस कोणाचा आहे? यादी करायला बसाल तेव्हा आमंत्रण देऊनही मागे कधी न आलेले एखादे नाव आठवून पाहावे, आणि ह्या वेळी त्यांच्या घरी बसून आमंत्रण द्यावे.

आपला,
धर्मगुरू